मी ती तार नव्हे

मी तार बोलतेय. दचकू नका. खाकी कपड्यांतला माणूस जी दाराशी आणतो, जी वाचून घ्यायच्या आधीच बायका पदर तोंडाला लावतात, ती तार मी नव्हे. मी टीव्हीची तार. काळी, करंगळीपेक्षा बारीक, गुंडाळीने विकली जाणारी. मोठ्या शहरात मला केबल म्हणतात म्हणे. चोपड्यातल्या आमच्या गल्लीत मला त्या नावाने कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. तिथे विजेच्या खांबावरची तार, शेताच्या कुंपणाची तार, पोस्टाची तार आणि मी, आम्ही सगळ्या एकाच नावाच्या. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन मोकळ्या होणाऱ्या माणसांवर माझा फार राग आहे. तो का, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात तांब्याचा एक बारीक दोरा, त्याभोवती पांढरं गुबगुबीत प्लास्टिक, त्यावर विणलेली जाळी आणि सगळ्यांत वर काळा झगा. चित्र आणि आवाज जातो तो तांब्यातून. जाळीचं काम एवढंच की बाहेरचा गोंगाट आत शिरू द्यायचा नाही. माणसांना देवाने अशी जाळी दिलेली नाही, हे मला पुढे कळलं. त्यांच्या कानावर जे पडतं ते थेट काळजापर्यंत जातं, आणि तिथेच राहतं.

कारखान्यातून मी आले ती धुळ्याला, आग्रा रोडवरच्या एका दुकानात. तिथे खिळ्याला टांगलेली असताना दिवसभर बसगाड्यांची पोंपों आणि गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकायची, एवढाच उद्योग. मग एक दिवस चोपड्याचा छगन आला. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याने नुकतीच गच्चीवर डिश बसवली होती. त्याने मला पसंत केलं, एस.टी.च्या टपावर टाकलं आणि अमळनेरमार्गे चोपड्याला नेलं. उन्हाळा ऐन रंगात होता. टपावर माझा झगा इतका तापला की वितळते की काय असं वाटलं.

ते साल नव्व्याण्णव. उत्तरेला कारगिलमध्ये लढाई सुरू झाली होती.

छगनने मला नेलं ते मंजुळाबाईच्या घरी. समोर ओटा, एक पुढची खोली, मागे चूल. पुढच्या खोलीत लाकडी फळीवर रंगीत टीव्ही, त्यावर लोकरीने विणलेलं झाकण. टीव्ही तिच्या मुलाने, लोटनने, मागच्या सुट्टीत आणून दिलेला. लोटन लष्करात. एकुलता एक. लढाई सुरू झाली तशी त्याची पत्रं थांबली होती आणि तो नेमका कुठे आहे ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. "वर शे," एवढंच मंजुळाबाई सांगायची आणि बोट सातपुड्याकडे दाखवायची, जणू काश्मीर त्या डोंगरामागेच आहे.

मी आले तेव्हा त्या घरात आधीचीच एक तार होती. कौतिकशेठची. चोपड्यात सर्वात आधी केबल आणली ती त्यानेच, आणि त्या पहिलेपणाचा ताठा त्याच्या तारेतही उतरला होता. कशीही फेकलेली, कौलांवरून लोंबणारी, जागोजाग चिकटपट्टीने जोडलेली. टीव्हीच्या भोकात तिचं टोक काडेपेटीच्या काडीने ठासून बसवलेलं. वारा सुटला की चित्र नाचायचं आणि मग घरातलं माणूस उठून टीव्हीच्या डोक्यावर चापट मारायचं. दोष तारेचा आणि मार टीव्हीला, हा माणसांचा न्याय मी पुष्कळ घरी पाहिला आहे.

छगन भिंतीला भोक पाडत होता आणि मंजुळाबाई त्याला कौतिकशेठची कहाणी सांगत होती. गोरीपान, उंच, हातात काम नसलं की बोटं चाळवणारी बाई.

"मी सोता गयू त्याना घर. म्हणं, कौतिकशेठ, बातम्या लाय. मना आंडोर, मना लोटन तठे शे. तं तो काय म्हने माहीत शे का? म्हने, अक्का, लढाई दोन दिननी, पिक्चर रोजनं. लोके पिक्चर मांगतस."

छगनने हातोडी थांबवली. "असं म्हना तो?"

"असंच म्हना. वरथीन चहा पाजा."

"मी लायी देस अक्का," छगन म्हणाला. "दिनभर बातम्या. मनी डिशवर सकाय-संध्याकाय तेच चालू शे."

कोपऱ्यात तिचा नवरा चुडामण बसला होता. गावात त्याला सगळे आबा म्हणत. केळीच्या बागेतून नुकताच आलेला, हातांना केळीच्या चिकाचे काळे डाग. तो म्हणाला, "कसाले लायस ते? जे दखाई ते सहन व्हई का तुले?"

मंजुळाबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "नही दखं तं सहन व्हस का?"

तो उठून मागे हात धुवायला गेला. पण त्या दिवशी मला या घरातली दोन्ही माणसं कळली. एकीला बघितल्याशिवाय चैन नव्हती आणि दुसऱ्याला बघायचंच भय होतं. जीव मात्र दोघांचाही एकाच ठिकाणी टांगलेला.

तिला लढाई बघायची नव्हती. तोफा, डोंगर, पुढारी यांच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिचा हिशेब साधा होता. टीव्हीवर इतके जवान दाखवतात, चढताना, चहा पिताना, हात हलवताना. त्यांत कधीतरी लोटन दिसेलच. "एक डाव तरी दखाई जाई," असं ती वच्छलाबाईला सांगायची. वच्छलाबाई समोरच्या घरातली, तिच्याच वयाची. "बोलाले नको, काही नको. नुस्ता दखाई गया तरी बस."

छगनने जुनी तार काढली, भिंत झटकली आणि मला बसवलं. काम बाकी नीटनेटकं. आढ्याच्या कडेने क्लिपा ठोकत मला टीव्हीपर्यंत आणलं, टोकाला चकचकीत पिन लावली. दुसरं टोक भिंतीतल्या भोकातून बाहेर काढून वळचणीला बांधलं आणि पाऊस लागू नये म्हणून त्यावर दुधाची पिशवी गुंडाळली. म्हणजे माझं एक टोक घरात, दुसरं गल्लीत. आत काय चाललंय ते मला दिसायचं आणि बाहेर कोण येतंय तेही. पण अजून मी मुकीच होते. छगनच्या डिशपासून वळचणीपर्यंत खांबाखांबावरून येणारी तार जोडली, की मगच माझ्यातून चित्र जाणार होतं.

ती तार छगनने ओढलीही. पण आपलं एक घर तुटलं म्हटल्यावर कौतिकशेठच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच्या माणसांनी पक्कड घेऊन गल्लीच्या तोंडाशी छगनची तार तोडली, आणि एका जागी नव्हे, पुन्हा सांधता येऊ नये असे तुकडे केले. छगन संतापला, कौतिकशेठच्या दारात जाऊन आरडाओरडा करून आला, आणि मग नाइलाजाने मंजुळाबाईच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "अक्का, एवढी लांब तार आठे भेटत नही. धुळे जास. ती उनी का लगेच जोडी देस."

धुळ्यातही त्याला ती ताबडतोब मिळाली नाही. माल संपलेला, नवा यायचा होता. छगन तिथेच मामाकडे थांबला. आणि इकडे मंजुळाबाईचा एक नवा नेम सुरू झाला. सकाळी ओटा झाडायला बाहेर आली की ती गल्लीतून येणाऱ्या जाणाऱ्याला विचारायची, "छगन उना का? तार उनी का?"

दुधवाल्याला विचारायची. छगनच्या बायकोला विचारायची. पोस्टमन वना सायकलवरून जायचा, त्याला सुद्धा एकदा विचारलं. तो सायकलवरून उतरता उतरता थबकला आणि "नही अक्का, नही," असं घाईघाईने म्हणत निघून गेला. तो का घाबरला ते तिच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं.

वच्छलाबाईच्याही आलं. एका सकाळी ती झाडू टाकून तरातरा गल्ली ओलांडून आली. "मंजुळा, असं बोलू नको व माय. जेना पोऱ्या लष्करमा शे, तिनी तार मांगानी नही."

मंजुळाबाई हसली. "ती तार नही व. टीव्हीनी तार."

"काहीबी ऱ्हावो. तोंडघाई ते नाव काढू नको. वायर म्हन."

मंजुळाबाईने तो दिवसभर इमानेइतबारे वायर म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तार. जिभेला लागलेलं वळण काही एका दिवसात मोडत नाही, आणि तिला त्यात काही वावगं वाटतही नव्हतं. ती वाट पाहणारी बाई. ज्याची वाट पाहतोय त्याचं नाव माणूस घेणारच. संध्याकाळी ती टीव्हीवरचं विणलेलं झाकण काढायची, काच पदराने पुसायची आणि बटण दाबायची. नुसती खरखर आणि पांढरे ठिपके. ती त्या ठिपक्यांकडेही टक लावून बघत बसायची. त्यातही तिला माणसं दिसत असावीत. मला तिची इतकी दया यायची की वाटायचं, आपलं तांबंच कापून हिच्या पुढ्यात ठेवावं.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. चुडामण बागेत. मंजुळाबाई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापत होती. वना गल्लीच्या तोंडाशी आला. एरवी तो तिथूनच "अक्का, पत्रंऽ" अशी आरोळी द्यायचा आणि घंटी वाजवत यायचा. त्या दिवशी तो सायकलवरून खाली उतरला आणि सायकल हाताने ढकलत, पाऊल मोजत आला. वळचणीच्या टोकातून मी त्याला बघत होते. त्याच्या हातातला गुलाबी कागद मी पाहिला आणि तो कशाचा ते ओळखलं. मी धुळ्याच्या दुकानात टांगलेली असताना शेजारच्या घरी असा कागद आला होता, त्या घरातल्या बायकांचं रडणं मी ऐकलेलं होतं.

तो दारात उभा राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "तार उनी."

"उनी का!" आतून मंजुळाबाईचा आवाज आला, आणि त्या आवाजात इतका आनंद होता की वनाने डोळे मिटले. पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेर धावत आली. "बरं व्हयनं माय! छगननी तुनाजोडे धाडी का? ये भाऊ, ये, घरमा ये."

वना उंबऱ्याच्या आत आला.

तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढून भिंतीशी लावलं. छगन चढायचा तेच स्टूल. पदराने ते पुसलं. "आठे चढनं पडी. दख, घरमातली लागी गई शे, बाहेरनी तेवढी जोडानी ऱ्हायनी," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

वना स्टुलापर्यंत आला. चढला नाही. त्याच्यावर बसला. म्हातारा नव्हता तो, पण त्या क्षणी म्हातारा दिसला. समोर वच्छलाबाई दारात आली होती. तिने खाकी कपडे पाहिले, कागद पाहिला आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"अक्का," वना म्हणाला, "ती नही. ही कागदनी तार शे."

मंजुळाबाई त्याच्या हाताकडे बघत राहिली. तिचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्या आतून सगळं निघून गेलं. तिने कागद हातात घेतला नाही. पिठाने भरलेले हात तिने पाठीमागे नेले, जणू घेतलाच नाही तर आलेलाच नाही.

"कोनी?" तिने विचारलं. कोणाची, हे तिलाही माहीत होतं.

वनाने मान खाली घातली. चुलीवरची भाकरी जळाल्याचा वास खोलीभर आला आणि कोणी उठलं नाही.

मग ती बोलली. रडत नव्हती. हळू, समजावून सांगितल्यासारखं बोलत होती. "मीच मांगी," ती म्हणाली. "रोज मांगी. सकायमा उठी उठी मांगी. वच्छलानी सांगं व्हतं नको मांगू. मीच बलाई लिधी तिले."

मला त्या क्षणी जीभ हवी होती. मला ओरडून सांगायचं होतं, अगं बाई, तू मागितलीस ती मी. ती नव्हे. ती तू नाही बोलावलीस, ती कोणाच्या बोलावण्याने येत नाही. तू फक्त तुझा मुलगा बघायला मागत होतीस. पण मला बोलता येत नाही. माझ्यातून दुसऱ्यांचं बोलणं जातं, माझं नाही. आणि त्या बाईने तो दोष उचलून काळजात ठेवला तो ठेवलाच.

लोटन आला तो पेटीतून. लष्कराच्या गाडीतून, झेंड्यात गुंडाळून. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. जळगावहून, धुळ्याहून गाड्या आल्या, फलक लागले, घोषणा झाल्या. पेटीबरोबरच्या साहेबाने चुडामणला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं की पेटी उघडायची नाही. का ते त्यानेही विचारलं नाही. मंजुळाबाई पेटीच्या कडेवर हात फिरवत म्हणत होती, "मुख दखू द्या. नुस्तं मुख दखू द्या." ते शक्य नव्हतं. तिला दोघींनी धरलं, मागे ओढलं आणि पेटी उचलली.

कौतिकशेठ मोठा हार घेऊन आला होता. त्या दिवशी त्याने शोक म्हणून आपले पिक्चर बंद ठेवले आणि दिवसभर बातम्या लावल्या. गावाने त्याचं नाव काढलं. मला तोंड असतं तर मी थुंकले असते.

छगन त्याच दिवसांत नवी गुंडाळी घेऊन धुळ्याहून परत आला. बस स्थानकावरच त्याला कळलं. ती गुंडाळी खांद्यावर घेऊन आमच्या गल्लीत शिरायचा त्याला धीर होईना. कोणत्या तोंडाने सांगणार की तार आणली? त्याने ती दुकानात पोत्याखाली झाकून ठेवली. मला वाटलं, संपलं. आपण अशाच भिंतीवर मुक्या राहणार. आणि खरं सांगते, मला तेच बरं वाटलं.

पण दिवसकार्य उरकल्यावर चुडामण स्वतः छगनला घेऊन आला. ज्याला बघायचंच नव्हतं तो चुडामण. मंजुळाबाई मागे चुलीशी बसलेली, तिला ऐकू जाऊ नये म्हणून दोघं ओट्यावर, अगदी माझ्या टोकाखाली उभे राहून बोलत होते.

"छगन, तार जोडी दे."

"आबा... आते?"

"तिनी मुख दखं नही." चुडामणचा आवाज फाटला. "जेवत नही, झोपत नही. एकच बोलस, मुख दखं नही. टीव्हीवर फोटो दखाडतस म्हने. गयेल पोऱ्यास्ना."

छगन लगेच निघाला. जाऊन शिडी घेऊन आला, खांबावरून नवी तार आणली, दुधाची पिशवी सोडली आणि मला जोडलं. इतके दिवस मुकी असलेली मी पहिल्यांदा बोलले. माझ्यातून गेलेलं पहिलं चित्र म्हणजे धुराने भरलेला एक उघडा डोंगर. या क्षणाची मी कारखान्यातून निघाल्यापासून वाट पाहिली होती. काही आनंद झाला नाही.

त्या दिवसापासून मंजुळाबाई टीव्हीपुढे बसू लागली. बातम्या हिंदीत, भराभर बोललेल्या, तिला निम्म्या कळत नसत. तिला कळायची गरजही नव्हती. ती चेहरे बघायची. चुडामण बागेतून आला की तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसायचा, पण डोळे मिटून. नुसतं ऐकायचा. तिच्यासाठी त्याने तार जोडून घेतली, पण स्वतःच्या डोळ्यांना तो काही समजावू शकला नव्हता.

आणि एका संध्याकाळी ते आलं. गेलेल्या जवानांचे फोटो एकामागून एक, मागे संथ वाद्य. तरणीताठी पोरं, कोणी मिशीवाला, कोणी अगदी कोवळा. मी ते सगळे माझ्यातून जाऊ देत होते आणि अचानक मला तो चेहरा ओळखू आला. टीव्हीशेजारी भिंतीवर लावलेला, हार घातलेला तोच. डोक्यावर टोपी, मंजुळाबाईचीच हनुवटी.

"लोटन!" ती किंचाळली. "ओ, दखा ना! तो दखा, लोटन! दखा ना हो!"

ती गुडघ्यांवर रांगत पडद्यापर्यंत गेली. तिचा हात काचेला लागेपर्यंत तिथे दुसऱ्याच कोणाचा तरी मुलगा होता, आणि चुडामणने धडपडत डोळे उघडले तोवर कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात सुरू झाली होती. एक बाई पांढरा शुभ्र सदरा उंच धरून हसत होती.

"कोठे?" चुडामण विचारत होता. "कोठे शे? कोठे?"

तिने काचेवरचा हात काढला. तशीच उठली आणि अनवाणी छगनच्या दुकानात गेली. मी तिच्याबरोबर जाऊ शकत नव्हते, पण छगनने पुढे हे इतक्यांना सांगितलं की मला पाठ झालंय. छगन रोज दुपारी आपल्या मशीनवर कॅसेट लावायचा. गल्लीतल्या बाया सांगून पाठवायच्या, अमुक गाणं पुन्हा लाव, तमुक पिक्चर मागे फिरव, आणि तो लावायचा. तिने ते पाहिलेलं होतं. तिला वाटलं, हेही तसंच.

"छगन," ती म्हणाली, "जरासं मांगे फिराव. आते लोटन गया. मी दखा, त्याना बापनी नही दखा. जरासं मांगे फिराव."

"अक्का, ती कॅसेट नही," छगन म्हणाला. "ते दूरथीन येस. मना हातमा नही."

"तुना हातमा नही तं कोना हातमा शे? तार तं तुनी शे ना?"

छगनने मशीनवर डोकं टेकलं. ती थोडा वेळ वाट बघत उभी राहिली आणि मग परत आली.

पुढे छगन रोज संध्याकाळी कोरी कॅसेट घालून बसायचा. पुन्हा फोटो लागले तर उतरवून घ्यावेत म्हणून. ते लागले नाहीत. लढाई संपली. टीव्हीवर विजयाचे कार्यक्रम झाले, मग निवडणुका आल्या, मग दुसरंच काहीतरी. तिकडच्या माणसांनाही कौतिकशेठसारखंच रोज नवं काहीतरी दाखवावं लागत असेल. छगनने आणि कौतिकशेठने मात्र हातमिळवणी केली. भांडणाने दोघांचंही नुकसानच होतं म्हणे. आता एकाच डिशवरून दोघांच्या तारा जातात. हेच शहाणपण त्यांना ऐन उन्हाळ्यात सुचलं असतं, तर या बाईला इतके दिवस सकाळी उठून माझं नाव घ्यावं लागलं नसतं. तार पोस्टाने आलीच असती, ते काही चुकलं नसतं. पण ती आपण बोलावली असं तरी तिला वाटलं नसतं.

आता दिवाळी होऊन गेली आहे. थंडी पडलीय. वळचणीकडचा माझा झगा उन्हापावसाने करडा पडला आहे, आतलं तांबं अजून धड आहे. मंजुळाबाई कामं करते, जेवते, वच्छलाबाईशी चार शब्द बोलते. पण तार हा शब्द ती उच्चारत नाही. कपडे वाळत घालायची तार असो की कुंपणाची, ती नुसतं बोट दाखवते. संध्याकाळ झाली की टीव्हीवरचं झाकण काढते, काच पुसते आणि बसते. बातम्या सुरू होतात. कोणी भाषण करत असतं, कोणी धावत असतं, कोणी नाचत असतं. ती प्रत्येक चेहरा बघते आणि सोडून देते. चुडामणला मात्र अजूनही डोळे मिटूनच बसायची सवय आहे. तिने "दखा" म्हटलं की तो दचकून उघडतो, पण ते आता ती म्हणत नाही.

मी नुसती वाट आहे. माझ्या एका टोकाला ही बाई आहे. दुसरं टोक छगनच्या डिशवरून कुठे आभाळात जातं आणि तिथून कुठे उतरतं, ते मला माहीत नाही. तिथे माणसं बसलेली असणार, बटणं दाबणारी, काय लावायचं ते ठरवणारी. माझं हे बोलणं तुमच्यापैकी कोणाच्या कानावर पडत असेल तर ऐका. तुमच्याजवळ तो फोटो असेल. टोपी घातलेला, रुंद हनुवटीचा, लोटन नावाचा. एकदाच तो परत लावा. जरा जास्त वेळ राहू द्या, लगेच पावडर दाखवू नका. आणि लावणार असाल तर आधी सांगा, म्हणजे तिला चुडामणला बागेतून बोलावून घेता येईल, आणि या वेळी डोळे उघडे ठेवा असं सांगता येईल.